कुकाऱ्याचा जबाब

१

साखळी गावातल्या बाजारामागच्या गल्लीत एक बंद पडलेलं शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर संजनाची खोली होती. खोली कसली, खुराडंच म्हणा. त्या खुराड्यात ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कानांवर हेडफोन चढवून आवाज कापत, जोडत, घासूनपुसून ठेवत बसायची. तुझं काम काय, असं कोणी विचारलं तर म्हणायची, मी ऐकते. यावर पेडण्याला एकटी राहणाऱ्या तिच्या आईचा टोमणा ठरलेला असायचा, की ऐकून कोणाचं पोट भरल्याचं तिने तरी पाहिलं नाही. आईचा फोन रोज दिवा लावायच्या वेळेला यायचा आणि टोमणा मारून झाला की जेवलीस का, हा प्रश्न यायचा.

पण बाई कामाला पक्की होती हो. चारही भिंतींवर तिने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या जाड गोधड्या टांगल्या होत्या. भिंतीला चिकटवून नव्हे, लाकडी पट्ट्या ठोकून, भिंत आणि गोधडी यांच्यामध्ये चांगली हातभर जागा सोडून. तशाने आवाज आत मुरतो, उलटून येत नाही. एकुलतं एक जनेल, म्हणजे खिडकी होती, त्यावरही गोधडी. दार ओढून घेतलं की खालचा मासळीबाजार मेल्यासारखा गप्प व्हायचा.

पणजीला एक मोठं कलाप्रदर्शन भरणार होतं आणि त्यात एक अख्खी काळोखी खोली संजनाला मिळाली होती. लग्नांच्या व्हिडिओंना सनई चिकटवण्यात तिची इतकी वर्षं गेली होती, म्हणून ही खोली म्हणजे तिचा जीव की प्राण. लोकांनी काळोखात बसायचं आणि डिचोलीच्या शेतकऱ्यांचे आवाज ऐकायचे, एवढंच. त्यासाठी ती पावसाळाभर तिथल्या सर्वण गावाला खेपा घालत होती. कोणाच्या शेतात खाणीची तांबडी माती वाहून येऊन बसली होती, कोणाला लावणीला माणूस मिळत नव्हतं, कोणाचं उभं भात रानडुकरांनी लोळवलं होतं. खरं सांगायचं तर बोलताबोलता कोणाचा गळा दाटून आला की संजनाला वाईट वाटायचं, आणि त्याच क्षणी, आतून कुठेतरी, फार बरंही वाटायचं. हातात धरलेला माइक ती तेव्हा हलूसुद्धा द्यायची नाही.

२

या सगळ्यांत तिचा आवडता होता धाकू. वाळून काटकी झालेला म्हातारा. डोंगराच्या पायथ्याच्या त्या खोऱ्यात आता भात करणारा हा एकटाच उरला होता. आजूबाजूची शेतं गवताने माजली होती. त्यांचे मालक कोणी टॅक्सी चालवायला गेले, कोणी मुलांकडे गेले, कोणी वर गेले.

धाकू दिवसरात्र मांगरात असायचा. मांगर म्हणजे शेतातली झावळ्यांची खोप. त्याची बायको पद्मावती जेवण तिथेच आणून द्यायची. संजनाने एकदा विचारलं, की तुम्ही घरी जाता कधी? तेव्हा म्हाताऱ्याने राखणीची पद्धत सांगितली. भात पोटरीला आलं की डुकरं उतरतात. पूर्वी खोऱ्यात प्रत्येकाचा मांगर होता. कोणाला घरी जायचं झालं की तो मांगरातून कुकारो मारायचा, म्हणजे तोंडाशी हात धरून लांबलचक हाळी. शेजारच्या मांगरातून तसाच जबाब आला की राखण जबाब देणाऱ्याकडे गेली. पहिला मोकळा. जबाब आला नाही, तर उठायचं नाही. यात देवाधर्माचं काही नव्हतं. ड्युटी बदलावी तसा साधा व्यवहार होता.

संजनाचे डोळे चमकले. असा आवाज तिच्याकडे नव्हता. एकदा मारून दाखवा ना, म्हणून ती त्याच्या मागेच लागली. म्हातारा मान हलवत राहिला.

"जबाब देऊक कोण ऱ्हवलो नाय. मगे कुकारो कित्याक मारू?"

पण गोड बोलून माणसाला बोलतं करण्यात संजनाचा हात कोणी धरला नसता. फक्त रेकॉर्डिंगपुरता, एकदाच, काका. शेवटी तो उठला. तिच्या हातातल्या केसाळ टोपी घातलेल्या माइककडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मारतंय. पण तू गप ऱ्हव."

ती गप्प राहिली. त्याच्या त्या फाटक्या छातीतून एवढा आवाज निघेल असं कोणाला वाटलं नसतं. हाळी माजलेल्या गवतावरून गेली, डोंगराला लागली आणि विरली. म्हातारा मान पुढे काढून ऐकत राहिला. कितीतरी वेळ. मग हळूच खाली बसला आणि तोंड पुसलं. संजनाच्या अंगावर काटा आला होता आणि मनात ती म्हणत होती, सोनं मिळालं.

३

खोट निघाली ती हाळीनंतरच्या शांततेत. प्रदर्शनाचं काम बघणारी कोमल, संजनाची कॉलेजातली मैत्रीण, तिने तुकडा ऐकून फोन केला. हाळी जबरदस्त आहे, पण पुढची शांतता फार लांबते, काळोखात बसलेल्यांना मशीन बंद पडलं असं वाटेल, असं तिचं म्हणणं. संजना चिडली. पण पुन्हापुन्हा ऐकल्यावर तिलाही ती शांतता सोसवेना. म्हातारा त्या शांततेत श्वाससुद्धा धरून होता.

तिने तिथे वारा घालून बघितला. पाखरं घालून बघितली. खोटं वाटत होतं. मग ती उठली, माइक समोर घेतला, तोंडाशी हात धरले आणि स्वतःच जबाब दिला.

तिचा आवाज गोधड्यांनी गिळून टाकला. तिने तो थोडा दूरचा केला, थोडा ओलसर केला, म्हणजे घुमवला, आणि धाकूच्या हाळीमागे नेऊन ठेवला. झकास बसला. जणू डोंगरापलीकडून कोणीतरी म्हणतंय, बरं, जा तू. ती खुशीत खाली उतरली आणि कोपऱ्यावर पावभाजी खाल्ली.

वर आली तर पद्मावतीचा फोन. बाई हसत होती की रडत होती, कळेना.

"ह्ये घराक इले गो बाय. न्हाले, जेवले नि निजले. म्हणतत, जबाब इलो."

कधी, असं संजनाने विचारलं. मघाशी, पद्मावती म्हणाली, भर दुपारी. आता घोरत पडलेत, इतक्या वर्षांत असे निजलेले बघितले नाहीत. फोन ठेवल्यावर संजना जनेलाशी गेली. गोधडी होती. काच होती. गोधडीमागे, काचेमागे अख्खा बाजार होता आणि त्यापलीकडे सर्वण. म्हातारा थकला असेल, वाऱ्याने काहीतरी ऐकू आलं असेल. असं होतं. तिने स्वतःला समजावलं आणि ते तिला पटलंही.

४

दुसऱ्या दिवशी ती एक केबल आणायला म्हापशाला गेली. बसमध्ये तिला सारखं चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. गॅस चालू राहिला, दार उघडं राहिलं, असलं काहीतरी. दार व्यवस्थित बंद होतं. उघडलं तेव्हा आत चिखलाचा वास आला. ओल्या बांधावर येतो तसा. छत गळतंय, ती म्हणाली, आणि गोधड्या चाचपल्या. कोरड्या ठणठणीत होत्या.

कामाला बसली. पद्मावतीचा आवाज लावला. त्यात ती आपल्या मुलाबद्दल सांगत होती. बोटीवर गेला, चार पैसे हाताला लागले तेव्हा त्याला शेत नको झालं, फोनवर विचारतो भात झालं का, पण येत नाही. जीव पिळवटून सांगितलं होतं तिने. ऐकताऐकता मध्येच आवाज गेला. थोडा पुढे आला, पुन्हा गेला. जिथेजिथे मुलाचं नाव होतं तिथेतिथे भोक. भोकात शांतता नव्हती. आवाज पूर्ण वर केला तेव्हा खाली काहीतरी ओलं, सावकाश हलत होतं. चघळल्यासारखं.

फाईल बिघडली असणार. दुसऱ्या डिस्कवरची लावली. तिथेही तेच. कोमलला पाठवलेली होती, तिला ऐकायला लावली. तिथेही तेच. कॉम्प्युटर कळणारं कोणीही सांगेल की असं होऊ शकत नाही, आणि संजनाला कॉम्प्युटर कळत होता.  तिने सरळ मार्ग धरला. पद्मावतीला फोन केला, म्हणाली, मावशी, मुलाचं तेवढं पुन्हा सांगाल?

पद्मावती उत्साहाने बोलायला लागली. आमचो थोरलो, म्हणाली, आणि थांबली. थोरलो तो, म्हणाली. मग हसली. वय झालं म्हणाली. 

"सर्वेश," संजना म्हणाली. "मावशी, सर्वेश."

"कोण तो?" पद्मावतीने विचारलं.

५

वेड लागलं असं समजून गप्प बसणारी संजना नव्हती. तिने तपासून बघितलं. खोलीत बसून राहिली, काही झालं नाही. खाली जाऊन चहा पिऊन आली, तर खाणीची माती शेतात आल्याचं सांगणाऱ्या रामचंद्राच्या बोलण्यातून त्याच्या शेताचं नाव गेलेलं. त्याला फोन करायचा तिला धीर झाला नाही. पुन्हा एकदा, निव्वळ हट्टाने, बसस्टँडपर्यंत जाऊन आली, तर रुक्मिणीच्या लावणीच्या गाण्याची अख्खी एक ओळ खाल्लेली. मग मात्र तिचं धाबं दणाणलं.

ती फोनवर धाकूशी बोलली. म्हातारा मुलीकडे कुडाळला जायच्या तयारीत होता. त्याचा आवाज तरुण वाटत होता. संजनाने आडूनआडून विचारलं, पण त्याने सरळच सांगितलं.

"तू दिलंस मगे जबाब. तुझो आवाज माका कळता."

"काका, तो मी मशीनसाठी दिला. तुम्ही परत घ्या ना राखण."

 त्यावर तो म्हणाला, की तो स्वतः तरुण होता तेव्हा शेजारच्या मांगरातल्या माणसाचा कुकारो आला, त्याने गंमत म्हणून जबाब दिला. तो माणूस गेला तो गेलाच.

"माका पण असोच कोणी टाकून गेलो. आता तू कुकारो मार, बाय. कोणतरी देतलो जबाब."

"कोण देणार?"

"जो आयकतलो, तो."

तिने तेही केलं. लाज सोडून, भर बाजाराच्या वेळी, जनेलावरची गोधडी बाजूला करून, वाकून हाळी दिली. एका मासळीवालीने वर बघितलं आणि पुन्हा सुरी चालवायला लागली. स्कूटरवरचा एक पोरगा हसला. दोघा पर्यटकांनी मोबाइल उंच करून तिचं शूटिंग घेतलं. जबाब कोणीच दिला नाही. आपण शेतावर ज्यांचे आवाज गोळा केले त्यांचंही आपण असंच नुसतं टिपून घेतलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि आज त्या विचाराने तिला बरंबिरं काही वाटलं नाही.

सगळं पुसून टाकावं, असंही तिच्या मनात आलं. पीकच नाही तर राखण कशाची? बोट बटणावर नेलं. मग तिला पद्मावतीचं ते "कोण तो?" आठवलं. एवढ्याशा भोकाने जर एका आईच्या तोंडातून मुलाचं नाव जातं, तर सगळं पुसल्यावर त्या माणसांच्या तोंडात काय राहील? तिने बोट मागे घेतलं. घरातला एक रिकामा डबा घेतला आणि अधूनमधून वाजवायला लागली, शेतात वाजवतात तसा. शेजारच्या घरातली मनीषा तक्रार करायला वर आली. संजनाने दार न उघडताच तिची माफी मागितली आणि डबा वाजवत राहिली.

६

दुपारच्या वेळी डबा वाजवून हात भरून आला, म्हणून ती थांबली. तेव्हा दिसलं. दाराकडच्या गोधडीला गुडघ्याच्या उंचीवर फुगा आला. वारा नव्हता, यायला वाटच नव्हती. फुगा पुढे सरकला. पट्टी आली तिथे किंचित चेपला आणि पट्टीपलीकडे पुन्हा वर आला. गोधडी आणि भिंत यांच्यामधल्या त्या हातभर जागेतून काहीतरी रुंद पाठीचं, घाई नसलेलं, भिंतीच्या कडेकडेने चाललं होतं. कोपऱ्यात वळलं. तिच्या पाठीमागून गेलं. ती मागे वळली नाही, नुसती गोधडीचं सूत भिंतीला घासल्याचं ऐकत राहिली. जनेलापाशी ते थांबलं आणि मग तिला कळलं, की तेही ऐकतंय. ती आहे की गेली, एवढंच बघतंय. तिने डबा उचलला आणि वाजवला, आणि वाजवतच राहिली.

त्यानंतर तिला झोप अशी नव्हतीच. डोळा लागला तरी मान पडायच्या आत जाग यायची.

७

कोमल सकाळी टेंपो घेऊन येणार होती. प्रदर्शन उघडायला आलं होतं. संजना तिला फोनवर म्हणाली, आवाज घेऊन जा, मी येत नाही. कोमल भडकली. इतकी वर्षं ज्यासाठी मरमर मेलीस ते आलंय दारात आणि तू खोलीत बसून राहणार? संजनाला तेव्हा एकदम काळोखी खोली दिसली. पणजीचे लोक, काळोखात बसलेले, शेकडो. धाकूची हाळी. त्यांच्यातला कोणीतरी, गंमत म्हणून, नक्की जबाब देणार. हाळीमागून आपला जबाब काढून टाकला की झालं. मग तो कोण, कुठला, त्याचं काय होईल, याचा विचार करायचा तिने प्रयत्न केला. फारसं काही वाटेना. याचीच तिला भीती वाटली.

पण टेंपो सकाळी येणार होता आणि प्रदर्शन त्यानंतर. आणि तिच्याच्याने आता आणखी एक संध्याकाळ निघत नव्हती.

दिवेलागणीला आईचा फोन आला.

धाकूशी बोलणं झाल्यापासून संजना आईचा फोन दोन शब्दांत उरकत होती. आवाज खाली ठेवून, हं, हो, जेवले, ठेवते. का ते तिला नीट माहीत होतं. पेडण्याला तिची आई लहानपणी बापाबरोबर राखणीला बसलेली बाई. शेत विकलं त्याला जमाना झाला, पण कुकाऱ्याला जबाब कसा द्यायचा हे तिला सांगावं लागलं नसतं. श्वास घेतो तसं आलं असतं तिला ते.

"आज काय जेवलंस?" आईने विचारलं.

संजनाने सांगायला तोंड उघडलं. रडू येत होतं, ते दाबलं. आईने पुन्हा विचारलं, तुझा आवाज असा का, बरं नाही का तुला? गोधडीमागे, जनेलापासून दाराकडे, पुन्हा काहीतरी चालायला लागलं होतं. काही नाही, असं म्हणायचं होतं तिला. देवाशपथ तेवढंच म्हणायचं होतं. तिच्या गळ्यातून हाळी निघाली. लांब, फाटकी, अगदी धाकूसारखी. ती आपोआप आली की तिने मारली, हे पुढे तिला कोणी विचारलं नाही आणि तिने स्वतःलाही विचारलं नाही.

फोनमध्ये शांतता पसरली. संजना मान पुढे काढून ऐकत राहिली.

मग जबाब आला. म्हातारपणाने घोगरा, पण खणखणीत, कुठल्यातरी बांधावरून आल्यासारखा. त्यात प्रश्न नव्हता, शंका नव्हती. लेकीने हाक मारली, तिने ओ दिली.

खोलीतली गोधडी सपाट झाली. चिखलाचा वास गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा संजनाला खालच्या बाजारातला आवाज ऐकू आला, कोणीतरी शटर ओढत होतं. तिचे खांदे उतरले. इतकं हलकं वाटलं की तिला हसू यायला लागलं.

"जा गो तू," आई फोनवर म्हणाली. तिचा आवाज निवांत होता. "जेव जा. मी आसंय हंय." मग जरा थांबून, दुसरीकडे मान वळवल्यासारखं, स्वतःशीच म्हणाली, "हंय कायतरी इलासा." तिथे काय आलंय ते बघायला उठल्यासारखा, पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

आई, कुकारो मार, मी जबाब देते, असं काहीतरी ओरडायचं होतं. वेळ होता. आई अजून फोनवर होती, तिचा श्वास ऐकू येत होता. तेवढा वेळ संजनाने चपला घालण्यात घालवला.